बेताच्या खर्चात घरची प्रथमोपचार पेटी

बहुतेक मध्यमवर्गीय घरांत औषधांचा म्हणून एक डबा असतो. कधीकाळी त्यात बिस्किटे किंवा दिवाळीची मिठाई आलेली असते. आज त्यात अर्धवट वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात, आणि त्यांतील निम्म्यांची नावे कात्रीने कापली गेलेली असतात. तळाशी साखर जमलेली खोकल्याच्या औषधाची बाटली, मागच्या वर्षी उघडलेले डोळ्यांत घालण्याचे थेंब, ताण गेलेले क्रेप बँडेज आणि झाकण घट्ट बसलेले कसले तरी मलम सापडते. घरातील मुलाचा हात कुकरच्या वाफेने भाजतो किंवा विळीने आईचे बोट खोलवर कापते, तेव्हा हा डबा जमिनीवर पालथा केला जातो आणि त्यातून कामाचे काहीच निघत नाही. डब्यातल्या वस्तूंवर वर्षानुवर्षे खर्च झालेले पैसे थोडे नसतात. ते चुकीच्या वस्तूंवर झालेले असतात, एवढेच.

औषधांचा डबा आणि प्रथमोपचाराची पेटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. डॉक्टरांनी लिहून दिलेली, रोज घ्यावयाची किंवा आजारपणातून उरलेली औषधे डब्यात राहतात. डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंतच्या पहिल्या दहा-वीस मिनिटांत जे लागते तेवढेच पेटीत असावे. या दहा-वीस मिनिटांत रक्त थांबवणे, भाजलेली जागा थंड करणे, जखम धुऊन झाकणे, मुरगळलेल्या पायाला आधार देणे आणि जुलाबात अंगातील पाणी टिकवणे, अशी मोजकीच कामे असतात. त्यांसाठी लागणाऱ्या वस्तू स्वस्त आहेत. काही तर घरातच असतात.

तयार पेटी घ्यावी का?

औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात तयार पेट्या मिळतात. त्यांवर ‘पन्नास वस्तू’, ‘शंभर वस्तू’ असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. पेटी उघडल्यावर त्यातील तीस-चाळीस वस्तू म्हणजे सुट्या चिकटपट्ट्या आणि स्पिरिटचे कागदी बोळे असल्याचे दिसते. प्लॅस्टिकची कात्री कापड कापत नाही आणि चिमट्याने काटा निघत नाही. या पेट्या निरुपयोगी असतात असे नाही, पण आपण मुख्यतः डब्याचे पैसे मोजतो. नव्या चारचाकीबरोबर मिळणारी छोटी पेटीही अनेकांकडे असते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील उष्णतेने त्यातील चिकटपट्टीचा डिंक सुटतो व मलम पातळ होते, म्हणून ती वर्षातून एकदा तरी उघडून पाहावी.

त्यापेक्षा घट्ट झाकणाचा, शक्यतो पारदर्शक असा स्वयंपाकघरातील एक मोठा डबा मोकळा करावा आणि त्यात एकेक वस्तू जमवत जावे. सगळे एकाच दिवशी आणण्याची गरज नाही. पहिल्या महिन्यात गॉझ, पट्ट्या, कागदी चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडिन आणि ओआरएस आणावे. हा खर्च साधारणतः तीनशे रुपयांच्या आसपास जातो. पुढच्या महिन्यात थर्मामीटर, त्यानंतर क्रेप बँडेज आणि मोजक्या गोळ्या घ्याव्यात. दुकानागणिक व कंपनीगणिक किमती बदलतात. तरीही चौघांच्या कुटुंबाची चांगली पेटी हजार रुपयांच्या आत उभी राहते. जनऔषधी केंद्रांत गोळ्या आणि ओआरएस आणखी स्वस्त पडतात.

कापड हेच पहिले औषध

जखमेतून वाहणारे रक्त थांबवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दाब. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळव्याने घट्ट दाबावे आणि घड्याळ लावून दहा मिनिटे हात काढू नये. ‘थांबले का’ म्हणून दर मिनिटाला कापड उचलून पाहिल्यास धरू लागलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा वाहते. कापड भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरी घडी ठेवावी. कापलेला हात छातीच्या पातळीपेक्षा वर धरावा. दहा मिनिटांनंतरही रक्त थांबत नसेल, ते उसळी मारून येत असेल किंवा जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, तर दाब तसाच ठेवून रुग्णालय गाठावे. काच, चाकू किंवा सळई आत रुतली असल्यास ती घरी उपसू नये. ती आहे तोवर काही प्रमाणात रक्त अडलेले असते.

यासाठी पेटीत निर्जंतुक गॉझची आठ-दहा पाकिटे आणि गुंडाळण्याच्या सुती पट्ट्या असाव्यात. पट्ट्या दोन रुंदींच्या घ्याव्यात: बोटांसाठी अरुंद, हातापायांसाठी रुंद. कापसाची गुंडाळी जवळजवळ प्रत्येक घरात असते, पण उघड्या जखमेवर कापूस कधीही थेट ठेवू नये. त्याचे तंतू जखमेत अडकतात आणि ड्रेसिंग बदलताना जखम पुन्हा फाटते. कापूस वरून दाबाची गादी करण्यापुरता ठीक आहे.

हात मोडला किंवा खांदा उखडला तर झोळी करण्यासाठी त्रिकोणी पट्टी लागते. एकोणिसाव्या शतकात एस्मार्क नावाच्या जर्मन लष्करी शल्यविशारदाने ती लोकप्रिय केली. साध्या सैनिकालाही वापरता यावी म्हणून ती कशी बांधावी याची चित्रे त्यांनी पट्टीवरच छापून घेतली होती. दुकानात ती स्वतंत्रपणे विकत घेण्याचे कारण नाही. आजोबांचे जुने धोतर किंवा विरत चाललेली सुती साडी घ्यावी, साधारण एक मीटर लांब-रुंद चौकोन कापावा आणि तो कर्णात कापला की दोन पट्ट्या होतात. त्या गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद कराव्यात. सोबत चार-सहा सेफ्टी पिना ठेवाव्यात. असे कापड झोळीसाठी किंवा ड्रेसिंगवरून बांधण्यासाठी उत्तम. जखमेला थेट टेकणारा थर मात्र शक्य तोवर निर्जंतुक गॉझचाच असावा. नऊवारीच्या कापडाला इतका चांगला उपयोग क्वचितच मिळतो.

जखम धुण्याचा खर्च

रक्त थांबलेली किंवा मुळात थोडेच खरचटलेली जखम धुण्यासाठी महागडे द्रावण लागत नाही. नळाचे वाहते, पिण्यायोग्य पाणी पुरते. आजूबाजूची त्वचा साबणाने धुवावी. माती आणि खडीचे कण पाण्याच्या धारेने निघेपर्यंत धार चालू ठेवावी. एका पिढीच्या आठवणीत गुडघ्यावर चोळलेले ‘लाल औषध’ पक्के बसलेले आहे. ते बहुधा मर्क्युरोक्रोम असे आणि त्यात पाऱ्याचे संयुग असे. शिवाय त्याच्या गडद रंगामुळे जखमेभोवतीची लाली, म्हणजे पू होण्याची पहिली खूण, दिसत नसे. स्पिरिट व हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या पेशींनाही इजा करतात, म्हणून उघड्या जखमेत ते ओतू नयेत. ‘चुरचुरले म्हणजे औषध लागू पडले’ ही समजूत आता सोडावयास हवी.

पोव्हिडोन आयोडिनची एक लहान नळी पुरेशी आहे. आयोडिनची अॅलर्जी किंवा थायरॉइडचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ती वापरावी. हळदीच्या गुणांविषयी येथे वाद घालावयाचा नाही. पण मसाल्याच्या डब्यातील हळदीत ओल्या चमच्याचे पाणी, मोहरी आणि हवेतील धूळ मिसळलेली असते. ती खोल जखमेत भरली की दवाखान्यात टाके घालण्यापूर्वी डॉक्टरांना आधी ती खरवडून काढावी लागते. चहापत्ती आणि कॉफीची पूड यांचेही तेच.

धनुर्वाताच्या लशीची तारीख घरातील प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवल्यास दर खरचटण्याला इंजेक्शन घेण्याची धावपळ वाचते. लहानपणचे डोस पूर्ण झालेले असल्यास स्वच्छ, किरकोळ जखमेला दहा वर्षे आणि मातीने किंवा शेणाने माखलेल्या, खोल जखमेला पाच वर्षे हा साधारण हिशेब डॉक्टर धरतात.

कुत्रे चावल्यास किंवा त्याने ओरखडले असल्यास मात्र पेटीतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे दहा रुपयांची साबणाची वडी. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. रेबीजच्या विषाणूवरील चरबीयुक्त आवरण साबणाने मोडते, आणि धुण्याने विषाणूंची संख्या कमी होते. तिखट, चुना, तेल, हळद असे काहीही लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. रक्त आलेले असल्यास लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ते मिळेल अशा जवळच्या महापालिका किंवा सरकारी रुग्णालयाचे नाव आधीच माहीत असावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की आजही त्यावर भरवशाचा उपचार नाही. म्हणून ‘पिल्लूच होते’, ‘सोसायटीतलेच आहे’ अशा विचाराने एक दिवसही दवडू नये.

भाजण्यावर पाणी, फक्त पाणी

भाजण्याइतक्या चुका आपल्याकडे दुसऱ्या कोणत्याही दुखापतीत होत नाहीत. टूथपेस्ट, साजूक तूप, शाई, बटाट्याचा कीस आणि फ्रीजमधला बर्फ. प्रत्येक घराचा आपला एक उपाय असतो. यांपैकी एकही वापरू नये. त्वचेवरील उष्णता काढून घेतली नाही तर ती आत उतरत राहते. पेस्ट वा तुपाचा थर ती कोंडून ठेवतो आणि जंतूंनाही आसरा देतो. बर्फामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेली त्वचा आणखी मरते.

भाजलेली जागा नळाच्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. वीस मिनिटे हा काळ वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. मूल रडते, घरातले घाबरतात आणि दोन-तीन मिनिटांत नळ बंद होतो. घड्याळ पाहावे. सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढावे; कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. मोठ्या भागावर भाजलेले लहान मूल पाण्याने गारठू शकते, म्हणून भाजलेला भाग सोडून बाकीचे अंग पांघरुणाने झाकावे.

येथे शहरातील एक अडचण आड येते. मुंबई-पुण्याच्या कितीतरी वस्त्यांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते आणि दुपारी टाकीही रिती असते. अशा घरात झाकलेली एक भरलेली बादली व मग हीदेखील प्रथमोपचाराची सामग्री समजावी. हात किंवा पाय थेट बादलीत बुडवून ठेवता येतो. छाती किंवा पाठ भाजली असेल तर मगाने सावकाश पाणी ओतत राहावे. दिवाळीत फटाके उडवणाऱ्या मुलांजवळ अशी बादली ठेवण्याची पद्धत काही सोसायट्यांत आहे, ती सर्वत्र व्हावयास हवी.

थंड केल्यानंतर जागा झाकण्यासाठी स्वयंपाकघरातील पारदर्शक क्लिंग फिल्म फार उपयोगी पडते. गुंडाळीचे सुरुवातीचे दोन वेढे काढून टाकावेत आणि आतली फिल्म जखमेवर सैलसर पसरावी. गच्च गुंडाळू नये. ती चिकटत नाही, आणि डॉक्टरांना तिच्यातून जखम पाहता येते. फिल्म नसेल तर धुतलेला, न चिकटणारा सुती कपडा चालेल. फोड फोडू नयेत. किरकोळ भाजण्याला मलमाची गरज नसते. मोठ्या भाजण्याला मलम फासल्यास जखमेची खोली ठरवणे डॉक्टरांना अवघड जाते. त्यामुळे भाजण्यावरच्या मलमाचे पैसे वाचवावेत. रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी जागा, चेहरा, हात, पाऊल, सांधे वा गुप्तांग भाजले असेल, वीज किंवा अॅसिडमुळे इजा झाली असेल, किंवा भाजलेले मूल अगदी लहान असेल, तर थंड करून लगेच रुग्णालय गाठावे.

ओआरएस: पाकीट वाचून घ्यावे

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलराची साथ आली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजण्यास सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. वीस-बावीस रुपयांच्या ओआरएसच्या पाकिटामागे एवढा इतिहास आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पाकिटावर हे आकडे असतील तेच घ्यावे. बाजारात नावात ‘ओआरएस’ मिरवणारी फळांच्या चवीची तयार पेये बरीच वर्षे विकली गेली. त्यांत साखर कितीतरी जास्त असे, आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही पाकीट उलटून पाहण्याची सवय ठेवलेली बरी.

एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच पूर्ण रिकामे करावे. ‘आता पेलाभर करू, उरलेले नंतर’ असे केल्यास मिठाचे प्रमाण चुकते, आणि लहान मुलांच्या बाबतीत ते धोक्याचे ठरते. पेलाभरच लागत असेल तर २०० मिलिलिटरची लहान पाकिटे मिळतात. तयार द्रावण चोवीस तासांत संपवावे, उरलेले फेकून द्यावे. उलटी होत असल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने द्यावे. अडीअडचणीला एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून घरी द्रावण करता येते. जुलाब झालेल्या बाळाला अंगावरचे दूध चालूच ठेवावे. दूध किंवा पाणी न पिणारे, गळून गेलेले, डोळे खोल गेलेले, सहा-आठ तास लघवी न झालेले किंवा शौचातून रक्त पडणारे मूल घरी ठेवू नये. मुलांच्या जुलाबात ओआरएसबरोबर झिंकही देतात. त्याचे प्रमाण वयानुसार डॉक्टरांकडून घ्यावे.

गोळ्या मोजक्याच

पेटीत तीन प्रकारच्या गोळ्या पुरतात. पहिली पॅरासिटामोल. प्रौढांसाठी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवून घ्यावी. चोवीस तासांत सर्व मिळून चार ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये. यकृताचा आजार असलेल्यांनी व नियमित मद्यपान करणाऱ्यांनी त्याहून बरेच कमी घ्यावे. सर्दीच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांतही पॅरासिटामोल असते, हे विसरून दोन्ही घेतले जातात.

मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. हेच औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्यांच्या थेंबांत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतांत मिळते. दहा किलो वजनाच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १५० मिलिग्रॅम लागते. म्हणजे पहिल्या बाटलीतून ६ मिलिलिटर, दुसऱ्या बाटलीतून ३ मिलिलिटर आणि थेंबांच्या बाटलीतून दीड मिलिलिटर. ‘मागच्या वेळी सहा दिले होते’ एवढेच लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतून सहा मिलिलिटर दिले गेले, तर ती चौपट मात्रा होते. घरात एकाच तीव्रतेची बाटली ठेवावी आणि मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा तारखेसह बाटलीवर चिकटवावी. मापाचे टोपण किंवा पिचकारी हरवली म्हणून स्वयंपाकघरातील चमचा वापरू नये. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ताप आल्यास घरी औषध न देता डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरी सेटिरिझिन: पित्त उठणे, किड्याच्या चाव्याने खाज येणे यांसाठी. तिने गुंगी येऊ शकते, वाहन चालवू नये. ओठ वा जीभ सुजली, श्वास घुरघुरू लागला किंवा चक्कर येऊ लागली, तर ती गोळी देत बसण्याची वेळ नाही. लगेच रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरी अॅस्पिरिन, तीही फक्त एका प्रसंगासाठी. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर आधी रुग्णवाहिकेला दूरध्वनी करावा आणि मग प्रौढ रुग्णास ३०० ते ३५० मिलिग्रॅमची एक साधी किंवा विरघळणारी गोळी चावून खाण्यास द्यावी. अॅस्पिरिनची अॅलर्जी, पोटात रक्तस्रावी व्रण, किंवा तोंड वाकडे होणे व बोलणे अडखळणे अशी पक्षाघाताची लक्षणे असल्यास देऊ नये. तापासाठी ही गोळी वापरू नये. मुलांना तर मुळीच देऊ नये. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असते, त्या काळात अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन दोन्ही रक्तस्रावाचा धोका वाढवतात. ताप उतरवण्यासाठी केवळ पॅरासिटामोल.

काय ठेवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. उरलेली प्रतिजैविके ठेवू नयेत. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या डब्यांतून ते अजून निघते. खोकल्याची औषधेही पेटीबाहेर असावीत. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने अनेक बालके दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती साधारणतः टाळावीत, असे कळवले. लहान मुलांचा बहुतेक खोकला औषधाविना थांबतो.

राहिलेल्या वस्तू

दहा सेंटिमीटर रुंदीचे एक क्रेप बँडेज घ्यावे. ते जरा महाग पडते, पण धुऊन वर्षानुवर्षे वापरता येते. धुताना पिळू नये, सावलीत पसरून वाळवावे. मुरगळलेल्या घोट्यावर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ आणि बँडेज. चोळणे व शेकणे नको. थर्मामीटर अंकदर्शी घ्यावा. पाऱ्याचा जुना थर्मामीटर असल्यास तो फुटल्यावर पाऱ्याचे मणी हाताने गोळा करू नयेत आणि केर काढण्याचे यंत्रही फिरवू नये. खिडक्या उघडून जाड कागदाने ते झाकणाच्या बाटलीत सारावेत. टोकदार चिमटा, खरोखर कापणारी कात्री, रबरी हातमोज्यांचे दोन-तीन जोड, लहान विजेरी. चिकटपट्ट्या मध्यम आकाराच्या पंधरा-वीस पुरेत.

मे महिन्यात गावी, विशेषतः कोकणात जाताना पेटी बरोबर न्यावी, पण तीत विंचू-सापावरचा म्हणून काही विकत मिळणारा उपाय भरू नये. सर्पदंशानंतर चिरा देणे, चोखणे आणि दोरीने करकचून आवळणे यांनी हानीच होते. दंश झालेला हात किंवा पाय त्रिकोणी पट्टी आणि फळीने स्थिर करावा, माणसाला चालवू नये आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. विंचूदंशानंतर दरदरून घाम व उलट्या सुरू झाल्यास तेच करावे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा वापर सिद्ध केल्यापासून कोकणातील विंचूदंशाचे मृत्यू खूप घटले, पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचावा लागतो.

झाकणाच्या आतला कागद

पेटीतील सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे झाकणाच्या आत चिकटवलेला कागद. त्यावर मोठ्या अक्षरांत १०८ व ११२ हे क्रमांक असावेत. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा विनाशुल्क क्रमांकही असावा. मुलाने फिनेल, रॉकेल किंवा उंदराचे औषध प्यायल्यास मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. बाटली हातात घेऊन दूरध्वनी करावा आणि रुग्णालय गाठावे. कागदावर घरातील प्रत्येकाची औषधांची अॅलर्जी, ज्येष्ठांच्या रोजच्या गोळ्या, कुटुंबाच्या डॉक्टरांचा आणि शेजारच्या दोन घरांचा दूरध्वनी लिहावा. रक्त पातळ होण्याची गोळी कोणी घेत असेल तर ते ठळकपणे, कारण किरकोळ वाटणारा डोक्याचा मारही अशा माणसाच्या बाबतीत रुग्णालयात दाखवावा लागतो. दोन ओळी आणखी: घोळणा फुटल्यास डोके मागे न टाकता पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबावा, फिट आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, माणसाला कुशीवर वळवून वेळ मोजावा आणि फिट पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास १०८.

पेटी न्हाणीघरात किंवा गॅसच्या शेगडीवरील फळीवर ठेवू नये. दमट हवा आणि उष्णता दोन्ही औषधांना बाधतात. दिवाणखान्यातील कपाटाचा वरचा कप्पा चांगला: मुलांच्या हाती न लागणारा, पण घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही माहीत असलेला. कुलूप लावू नये. किल्ली शोधण्यात वेळ जातो.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत, पेटी उघडून मुदतीच्या तारखा पाहाव्यात. गॉझच्या पाकिटावरही मुदत असते, हे अनेकांना ठाऊक नसते. पाकीट फाटले किंवा ओलसर झाले असेल तर तारीख शिल्लक असूनही ते निर्जंतुक राहिलेले नसते. वापरलेली वस्तू त्याच आठवड्यात भरून काढावी. मुदत संपलेल्या गोळ्या शौचालयात ओतू नयेत आणि अख्ख्या पट्ट्या कचऱ्यातही टाकू नयेत, कारण कचरा वेचणाऱ्यांच्या मुलांच्या हाती त्या लागू शकतात. दुकानदार परत घेत नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवाव्यात, पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि मग ती कचऱ्यात टाकावी.